मोरीमागची पिवळी कर्दळ

"तुमच्या मोरीचं पाणी कुठं जातं हो?"

आदेश माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. मैत्रिणींच्या गोष्टींत कुणाचा रुमाल पडायचा, कुणाची सायकल नेमकी कॉलेजच्या गेटपाशी पंक्चर व्हायची. माझ्या वाट्याला आली मोरी! आणि विचारणाऱ्याच्या केसांतून, नाकावरून, शर्टाच्या कॉलरमधून तांदळाचं धुवण ओघळत होतं.

ते धुवण मीच ओतलं होतं म्हणा.

दोन हजार दोन सालचा भाद्रपद. गौरी-गणपती नुकतेच गेलेले, शिनोलीत ऊन-पावसाचा लपंडाव चाललेला. मी मागच्या दारात तांदूळ धुतले आणि सवयीनं, न बघताच पातेलं बाहेर उपडं केलं. आमच्या मोरीमागं अळू आहे, एक केळ आहे आणि पिवळ्या कर्दळीचं दाट बेट. धुवण त्यांच्या हक्काचं. त्या दिवशी मात्र कर्दळीतून "अयाई गं!" असा आवाज आला आणि पाठोपाठ एक उंच, सावळा तरुण उभा राहिला. चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या.

"कोण तुम्ही? आणि आमच्या मोरीमागं काय करताय?" पातेलं पुढं धरून मी ओरडले.

"मी... आदेश. जुन्नरहून आलोय. अण्णांना भेटायचं होतं, कारखान्याच्या कामासाठी. पुढच्या दारात हाक मारली, कुणी ओ दिली नाही." चष्मा पुसायला त्याला शर्टाचा कोरडा कोपरा सापडेना. "मग ही नाली दिसली. एवढं पाणी पडतं, तरी चिखल नाही, वास नाही, डास नाहीत. म्हटलं बघावं... पाणी जातं तरी कुठं?"

"डोक्यावर जातं," मी म्हटलं. "जो न सांगता येऊन खाली बसतो, त्याच्या."

तो हसला. ओल्याचिंब माणसानं इतकं मनापासून हसू नये, समोरच्याचा राग टिकत नाही.

तेवढ्यात आई आली आणि तिनं कपाळाला हात लावला. "अगं बया! पावण्याला आंगूळ घातलीस व्हय?"

अण्णांचा टॉवेल खांद्यावर टाकून तो चहा प्यायला, पण नजर पुन्हा पुन्हा मागच्या दाराकडं. मला वाटलं, माझ्याकडंच बघतोय. मी पदर सारखा... म्हणजे ओढणी सारखी केली.

"ही कर्दळ कुठली हो, काकू?" त्यानं विचारलं.

घ्या! मी ओढणी सोडून दिली.

"मढाची. माझ्या माह्यारची," आई म्हणाली. पुढचं तिनं परक्या पुरुषाला सांगितलं नाही. आमच्या घरातली ती बायकांची रीत आहे. लेक सासरी निघाली की आई मोरीमागचा कंद ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या ओटीत घालते. जिथं लेकीनं कायमचं राहायचं, तिथं तो कंद लावायचा. आजीनं आईला दिला, आई मला देणार होती. कुशाआत्यानं तर चाकणचं एक स्थळही हेरून ठेवलं होतं.

आमच्या भागातल्या टोमॅटोवाल्या शेतकऱ्यांनी मिळून टोमॅटोचा पल्प काढायचा कारखाना घालायचं ठरवलं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील हौशीराम, त्याचे चेअरमन. भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओतायची पाळी तरी टळेल, एवढाच त्यांचा हिशोब. आदेश तो कारखाना बांधून, चालू करून देणारा इंजिनिअर. मी मंचरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, त्यामुळे पल्प आणि पाणी तपासायचं काम मला मिळालं. चेअरमनची मुलगी म्हणून मिळालं असं कुणी म्हणालं की मी त्याला माझे मार्क सांगायची.

पहिल्याच बैठकीत ठिणगी पडली. टोमॅटो धुतल्याचं, यंत्रं धुतल्याचं पाणी सोडायचं कुठं?

"त्यात काय इचारायचं राव," अण्णा म्हणाले. "पाइप टाकायचा आन् वढ्याला सोडायचं. पावसाळा समदं धुऊन नेतुय."

"आणि उन्हाळ्यात, अण्णा?" मी म्हटलं. "टोमॅटोचा हंगाम उन्हाळ्यात असतो. तेव्हा ओढ्यात धार असते करंगळीएवढी. खालच्या वाडीच्या बायका त्याच ओढ्याच्या डोहावर पाणी भरतात."

मग आदेश जरा अडखळत म्हणाला, "माझ्या पहिल्या नोकरीच्या कारखान्यात पाणी कुंपणाबाहेर गेलं की काम संपलं, असं समजायचे. खालच्या गावची एक म्हातारी रोज कळशी घेऊन यायची. गेटसमोर कळशीभर काळं पाणी ओतायची आणि एक शब्द न बोलता परत जायची. मी वर्षभर ते बघितलं... मग नोकरी सोडली."

त्या दिवशी घरी येताना मला पहिल्यांदा वाटलं, की चाकणच्या स्थळाच्या जागी हा माणूस असता तर बरं झालं असतं.

अण्णा मनानं वाईट नाहीत, पण अघळपघळ बोलण्यावर त्यांचा भरवसा नाही. त्यांनी निळे पाइप आणवून ओढ्याकाठी रचून ठेवले आणि आदेशला म्हणाले, "एक हंगाम दिला तुमाला. प्रदूषन मंडळाच्या सायबानं तुमचं पानी पास केलं तर तुमचं खरं. न्हाई केलं, तर हे पाइप हायेत आन् वढा हाये."

कारखाना उतारावर उभा राहायला लागला. आदेशची कल्पना अशी, की पाण्यानं आपल्या पायांनी वरून खाली यावं, विजेचा पंप लागलाच तर एक. शेवटच्या धुण्याचं स्वच्छ पाणी आधीच्या धुण्याला वापरायचं आणि ते त्याच्याही आधीच्या. बॉयलर भाताच्या तुसावर. साली आणि बिया गुरांना. आणि सगळ्यात शेवटी, ओढ्याच्या अलीकडं, खडी-वाळू भरलेले लांबलचक वाफे, त्यांत दाट कर्दळ. मुळांनी पाणी गाळायचं, घाण खायची आणि वर फुलायचं.

"म्हणजे आमची मोरीच की," मी म्हटलं.

"तुमचीच. कॉलेजात आकृती काढून पास झालो होतो, पण पटलं तुमच्याकडं. धुवण अंगावर घेतल्यावर."

आश्विनातल्या परतीच्या पावसात आम्ही त्या उतारावर उभे असायचो. तो छत्री उघडायचा आणि धरायचा कुठं? नकाशावर! नकाशा कोरडा ठणठणीत आणि आम्ही दोघं भिजलेल्या मांजरांसारखे.

"साहेब, माणसंही भिजतात," मी एकदा शिंकत म्हटलं.

"माणसं वाळतात. शाई फुटली की संपलं."

मी दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी पुन्हा सर आली. छत्री उघडल्याचा आवाज झाला आणि... माझ्यावरचा पाऊस थांबला. मी वर बघितलं तर काळं कापड. समोर बघितलं तर नकाशावर निळे ओघळ, आणि आदेश दुसरीकडं तोंड करून ओढ्याकडं बघतोय. कान मात्र लाल झालेले.

"शाई फुटतेय," मी हळूच म्हटलं.

"फुटू दे."

बस्स. प्रेमात पडायला माणसाला याहून जास्त काय लागतं, मला माहीत नाही.

थंडीत वाफे भरले. कालव्याच्या कडेची लाल कर्दळ बैलगाडीनं आणून गावच्या बायकांनी रोजावर लावली. उन्ह चढलं, तशी ती कमरेएवढी झाली, मग फुलली. येणारी-जाणारी माणसं थांबायची. सगळा गाव त्याला 'साहेबाची बाग' म्हणू लागला. आदेशला ते नाव आवडायचं, म्हणून त्यानंही कुणाला दुरुस्त केलं नाही. मीही नाही केलं.

फाल्गुनात थोडथोडे टोमॅटो घेऊन चाचणी सुरू झाली. मी रोज टाक्यांवर फिरून, कागदी पट्टी बुडवून पाणी तपासायची आणि तो रोज काहीतरी निमित्त काढून तिथं यायचा.

"आज पट्टी काय म्हणते?"

"पहिल्या टाकीचं पाणी आंबट आहे."

"आणि वाफ्यातून बाहेर पडणारं?"

"ते शहाणं झालंय."

"आणि... तपासणारी?"

"तिची पट्टी अजून निघाली नाही, साहेब."

असं रोज चालायचं. त्यापुढं तो जायचा नाही. छत्री धरायला जेवढं धाडस लागलं, तेवढ्यात बहुतेक त्याचा साठा संपला होता! आणि मी? मी मुलगी. मी पहिल्यांदा बोलायचं, तर कुशाआत्यानं गावभर केलं असतं.

अक्षय्य तृतीयेला कारखान्याचा शुभारंभ आणि सत्यनारायण ठरला. त्यानंतर चार दिवसांनी मंडळाचे साहेब पाण्याचा नमुना न्यायला येणार होते. आदल्या दिवशी आदेश पंपाचा सुटा भाग आणायला पुण्याला गेला. पूजेच्या सकाळी मी पहाटेपासून घरी प्रसादाचा शिरा भाजत होते. हात दुखून आले तेव्हा कुठं डबे घेऊन कारखान्यावर पोचले, आणि गेटपाशीच पाय थबकले.

काय मांडव सजला होता! दोन्ही बाजूंना लाल कर्दळीच्या भिंती. चौरंगाला कर्दळ, यंत्रांना कर्दळ, नैवेद्याला कर्दळीची पानं. कुशाआत्या मध्ये उभी राहून बायकांना हुकूम सोडत होती. मला बघून म्हणाली, "बघ गं इंद्रे! केळीचे खुंट कशाला इकत आनायचे? आपली बाग हाये की. मुळासकट उपटली, म्हंजी कशी टवटवीत ऱ्हाती!"

माझ्या हातातून डबा निसटला.

नेमका तेव्हाच डिंभ्याकडं जाणाऱ्या एसटीतून आदेश उतरला. खांद्यावर पिशवी, डोळ्यांत रात्रीच्या प्रवासाची लाली. त्यानं मांडव बघितला. मग मान वळवून वाफ्यांकडं बघितलं. तिथं नुसती उघडी खडी होती.

"कसं वाटतंय सायेब?" आत्यानं कौतुकानं विचारलं. "तुमची फुलं, तुमच्याच मांडवाला!"

"लई झकास," तो म्हणाला. खरंच म्हणाला. मग त्यानं हातपाय धुतले, पूजेला बसला, आरती म्हटली, प्रसादाचा शिरा खाल्ला. मी सगळा वेळ त्याच्या चेहऱ्याकडं बघत होते. कथा काय झाली, मला एक अक्षर आठवत नाही.

जेवणं चालू असताना तो गायब झाला. मला ठाऊक होतं कुठं सापडेल. वाफ्याच्या कडेला खडीत हात घालून बसला होता.

"रागवा तरी," मी म्हटलं. "ओरडा. तुमच्या जागी मी असते तर मांडव खाली आणला असता."

"कुणावर रागवू, इंद्रायणी?" माझं नुसतं नाव त्यानं पहिल्यांदा घेतलं. "माझ्यासाठी मांडव घातला त्यांनी. सांगायचं मीच राहिलो, की ही बाग नाही... ही गाळणी आहे." त्यानं मूठभर खडी उचलली आणि परत टाकली. "खडी थोडंफार गाळेल. पण मुळांशिवाय साहेबांच्या बाटलीत काय जाईल, सांगवत नाही. आणि नापास झालं, तर..."

त्यानं बोट दाखवायची गरज नव्हती. निळे पाइप ऊन खात पडलेले होते. पलीकडं ओढा होता, करंगळीएवढा. मला तो ओढा तसाच स्वच्छ हवा होता. आणि खडीत बसलेला हा माणूसही हवा होता. दोन्ही हातातून निघाल्यासारखे वाटले आणि मला रडूच फुटलं.

मी डोळे पुसले आणि तडक पंगतीत गेले. "आत्या, तुम्ही बाग नाही उपटलीत, कारखान्याची मोरी उपटलीत," मी म्हटलं, आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं.

आत्याचा हात घासासकट थांबला. "अगं बया... म्या म्हनलं शोभेचं हाये! मंग आता वाडीचं पानी?"

"तेच तर."

कुशाआत्या चूक कबूल करणाऱ्यांतली नाही, पण चूक निस्तरण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नसेल. ताट तसंच ठेवून ती उठली. "ए बायांनो, सोडा तो मांडव! आन् ज्येच्या त्येच्या मोरीमागं जी कर्दळ आसंल ती मातीसकट आना. लगोलग!"

उन्हं कलायच्या आत गाव लोटला. मांडवाची लाल कर्दळ परत वाफ्यात गेली, पण निम्मी सुकून गेली होती. मग घमेल्यांतून, पाट्यांतून, डोक्यावरच्या टोपल्यांतून गड्डे यायला लागले. केशरी, गुलाबी, ठिपक्यांची, जांभळ्या पानांची. खालच्या वाडीच्या बायका तर गाणी म्हणत आल्या. अण्णांनीसुद्धा धोतर खोचलं आणि फावडं घेतलं, पाइपांकडं न बघता.

तरी शेवटच्या वाफ्याचा कोपरा उघडाच राहिला. नेमका तो, जिथून पाणी ओढ्याला मिळतं.

मी धावत घरी गेले. कुदळ घेतली आणि मोरीमागचं सगळं पिवळं बेट उकरलं. मुळं खोल होती, हात सोलवटले. परत येऊन त्या कोपऱ्यात एकेक कंद मी स्वतः लावला, माती दाबली, ओंजळीनं पाणी घातलं. मान वर केली, तर समोर आई. ती एकदा कर्दळीकडं बघत होती, एकदा माझ्याकडं, आणि एकदा पलीकडं चिखलात गुडघ्यांवर बसलेल्या आदेशकडं.

मी खाली मान घातली. आईनं पदर ओठांवर धरला.

चार दिवसांनी साहेब आले. रंगीबेरंगी वाफा बघून म्हणाले, "हे काय, बगीचा केलाय का?"

"न्हाई सायेब," कुशाआत्या ठणकावून म्हणाली, "गाळनी हाये ती. हात लावायचा न्हाई!"

साहेबांनी बाटली भरली आणि ते गेले. पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. रोज सकाळी मी पट्टी बुडवायची आणि आदेश माझ्या तोंडाकडं बघायचा. थट्टा दोघांनाही सुचत नव्हती. कर्दळीनं मात्र धीर सोडला नाही, आठवड्यात तिनं नव्या पानांच्या सुरळ्या वर काढल्या.

वैशाख संपता संपता फोन आला. पास!

अण्णा आरामखुर्चीतून उठले आणि त्यांनी आदेशला मिठीच मारली. "हरलो राव म्या! आन् हरून लई बरं वाटतंय." निळे पाइप ओढ्याकाठून हलले आणि वाफ्यातून निघणारं पाणी आमच्या पडीक तुकड्याला न्यायच्या कामी लागले. सगळं गोड झालं. फक्त एक राहिलं. चालू कारखाना ताब्यात दिला, की आदेशचं काम संपत होतं. नाशिककडं दुसरा कारखाना त्याची वाट बघत होता.

शनिवारी तो निरोप घ्यायला आला. मी त्याला बघितलं आणि मागच्या दारात जाऊन तांदूळ धुवायला लागले. एकाच वाटीभर तांदळाला किती पाणी लागतं! धुतच राहिले. त्यानं बोलायचं नाही, मी बोलायचं नाही... मग जा की नाशिकला. द्राक्षं खा.

"काकू," ओसरीवरून त्याचा आवाज आला, आणि मग पावलं मागं वळली. नालीच्या कडेकडेनं तो मोरीमागं आला, अगदी पहिल्या दिवशीसारखा. आला आणि थांबला. "इथली पिवळी कर्दळ कुठं गेली?"

मी पातेल्यात बघत बसले.

"काकू, इथं बेट होतं ना? नुसता खड्डा दिसतोय."

आई माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. "ती व्हय? ती सासरी गेली."

"सासरी?"

"आमच्यात रीत हाये. त्यो कंद आईनं लेकीला द्यायचा, आन् लेकीनं सासरी नेऊन लावायचा. जलम काढायचा, तितं." आईनं एक सुस्कारा सोडला, पण मला तिच्या आवाजातलं हसू ऐकू येत होतं. "ह्या पोरीनं मला इचारलं न्हाई, पुसलं न्हाई, आन् कारखान्यात नेऊन लावला. आता तुमीच सांगा पावणं, कारखान्याशी कुनाचं लगीन लागतं व्हय?"

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. केळीच्या पानावरून एक थेंब पडला, तो मला ऐकू आला. मग आदेशनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कान लाल.

"कारखान्याशी नाही लागत," तो म्हणाला. "पण... कारखान्यातल्या माणसाशी लागतं का, काकू?"

"ते मला कशाला इचारता? जिनं कंद लावला, तिला इचारा."

तो माझ्याकडं वळला. कर्दळीच्याच खड्ड्यात उभा होता, माझ्यापेक्षा वीतभर खाली.

"इंद्रायणी?"

"आणि नाशिक?" मी विचारलं.

"नाशिकलाही ओढे आहेत. जाऊन येऊन करीन. पण मुळं इथं लागलीत म्हटल्यावर... मुक्काम इथंच."

"सगळे महिने बोलला नाहीत ते?"

"पट्टी निघायची वाट बघत होतो."

माझे डोळे भरून आले, आणि हसूही आवरेना. हातात धुवणाचं भरलं पातेलं होतं. पहिल्या वेळी न बघता ओतलं होतं. या वेळी नीट बघितलं, नेम धरला आणि सगळंच्या सगळं त्याच्या डोक्यावर ओतलं.

"अगं बया!" आईनं कपाळाला हात लावला. "जावयाला कुनी धुवणानं आंगूळ घालतं व्हय?"